छातीतली धडधड आणि कापसाचा भाव

पोळ्याच्या आधी आमच्या तालुक्यातल्या एका गावात, समाजमंदिरात, ‘भीतीवर मात’ या विषयावर व्याख्यान झालं. वक्ते शहरातले. पाऊण तास त्यांनी एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगितली: विचार बदला, जग बदलेल. सकाळी उठून आरशासमोर उभं राहायचं आणि ‘मी निर्भय आहे’ असं एकवीस वेळा म्हणायचं. मागच्या सतरंजीवरून शेतकरी चळवळीतला एक जुना कार्यकर्ता उठला. म्हणाला, ‘साहेब, कापसाले भाव द्या, भीती आपोआप जाते. आरसा राहू द्या तुमच्याजवळ.’ अख्ख्या व्याख्यानाला पडल्या नव्हत्या तेवढ्या टाळ्या या एका वाक्याला पडल्या. मीही वाजवली. घरी पोचेपर्यंत मात्र त्या टाळीची मला लाज वाटायला लागली होती.

कारण त्याच सतरंजीवर माझ्या शेजारी एक पस्तिशीतला माणूस बसला होता. दीड वर्षात चार वेळा त्याला ‘अटॅक आला’ म्हणून रात्री-अपरात्री गाडी करून यवतमाळला नेलं होतं; चारही वेळा इसीजी नॉर्मल. टाळ्या ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, ‘सर, भाव भेटन तवा भेटन. तंवर मी काय करू?’ याचं उत्तर ना माइकवाल्याकडे होतं, ना टाळ्या घेणाऱ्याकडे. तरी पुढचे पंधरा दिवस पानठेल्यावर, शाळेच्या स्टाफरूममध्ये, बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर वाद रंगला तो याच दोन टोकांचा: भीती मनाची की पोटाची?

मला हा प्रश्नच वाकडा वाटतो. माझं म्हणणं असं आहे. घबराटीचा झटका, डॉक्टर ज्याला पॅनिक अटॅक म्हणतात तो, ठिणगी घेतो शरीरातून. पण त्यावर रॉकेल ओतते ती विचार करायची सवय. ही सवय कुणी जन्मताना आणत नाही, ती लागते. आणि लागलेली सवय मोडता येते. ती मोडायला शिकवणं म्हणजे ‘चांगले विचार करा’ असा उपदेश नव्हे, आणि सोसणाऱ्याच्याच माथी दोष मारणंही नव्हे. उलट, ‘तुझी भीती गरिबीतून आली, गरिबी गेली की जाईल’ असं सांगून एखाद्याला ही विद्या नाकारणं, हा मला गरिबाच्या ताटातला आणखी एक घास काढून घेण्याचा प्रकार वाटतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. २०१६च्या मे महिन्यात यवतमाळहून दारव्ह्याला येताना एसटीत माझी पाळी आली होती. दुपारची गाडी, गच्च भरलेली, खिडकीतून भट्टीसारखी हवा. सकाळपासून पोटात एक कप चहा आणि, आता लपवण्यात अर्थ नाही, एक खर्रा. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं हे आमचं राष्ट्रीय खाद्य.) अर्ध्या वाटेवर छाती धडधडायला लागली. एवढंच. उपाशी पोटी तंबाखू-सुपारी आणि चाळिशीपार गेलेला पारा, यात दुसरं काय होणार? पण मी त्या धडधडीला नाव दिलं: ‘अटॅक’. वडील पंचावन्नाव्या वर्षी अटॅकनेच गेलेले, मी बावन्नचा. नाव दिलं आणि धडधड दुप्पट झाली. मी तोंड उघडून श्वास ओढायला लागलो. ओठांना मुंग्या, मग बोटांना. मग दोन्ही हातांची बोटं आत वळून अशी ताठ झाली की सोडवता येईनात. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला मी घरच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवली आहे ते सांगून टाकलं, म्हणजे बायकोची पंचाईत नको.

एका खासगी दवाखान्यात इसीजी निघाला, सलाईन लागली, आणि निघताना वाक्य ऐकायला मिळालं, ‘तुम्हाला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत.’ आपल्याकडे घबराट होणाऱ्या माणसाला हे वाक्य हजार ठिकाणी ऐकवलं जातं आणि हजार ठिकाणी ते निरुपयोगी ठरतं. काही झालेलं नाही कसं? बोटं काय मी हौसेनं वाकवली होती? जे झालं त्याचं कारण न सांगता ‘झालंच नाही’ म्हटलं की माणूस मनाशी एकच निष्कर्ष काढतो: याला सापडलं नाही. पुढचे आठ महिने मी एसटीत पाय ठेवला नाही. मोटरसायकलवर गेलो तरी दवाखाना असलेल्या रस्त्यानं जायचो. खिशात सॉर्बिट्रेटची, म्हणजे हृदयाच्या दुखण्यात जिभेखाली ठेवायची गोळी, कुणीही न लिहून दिलेली. मास्तर असून मुलांपुढे सलग तास घेताना दाराकडे बघत राहायचो.

मग जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ असलेल्या एका तरुण डॉक्टर बाईंनी माझे सगळे जुने कागद बघितले, हृदय ठीक आहे याची खातरजमा केली आणि म्हणाल्या, ‘सर, एक मिनिट जोरजोरात श्वास घ्या. मी घड्याळ लावते.’ चाळीस सेकंदांत ओठांना मुंग्या आल्या. ‘हेच होतं ना?’ हेच. ‘मग आता मरताय का?’ नाही. ‘का नाही?’ मला उत्तर देता येईना. त्या म्हणाल्या, ‘कारण या वेळी मुंग्या कशानं आल्या ते तुम्हाला ठाऊक आहे.’ नंतर दोन मजले जिना धावत चढून यायला लावलं. छाती तशीच धडधडली, जशी एसटीत धडधडली होती. जिन्यात मला ती कसरत वाटली, एसटीत मरण. शरीर तेच, कारण मनात दुसरं.

यामागचं यंत्र साधं आहे. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो; त्यानं मुंग्या येतात, गरगरतं, बोटांचे स्नायू आखडतात. हे आखडणं पाहून माणूस आणखी घाबरतो, आणखी भराभर श्वास घेतो. म्हणजे घाण्याचा बैल फिरावा तसं: लक्षण, त्याचा वाईटात वाईट अर्थ, त्या अर्थानं वाढलेलं लक्षण. १९८६मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी पॅनिकची हीच मांडणी केली: घबराटीच्या मुळाशी असतो तो शरीरातल्या निरुपद्रवी बदलांचा प्रलयंकारी अर्थ लावण्याचा रिवाज. आता गंमत बघा. झटक्यात बहुतेकांना वाटतं, आपण चक्कर येऊन पडणार. पण माणूस चक्कर येऊन पडतो तो सहसा रक्तदाब पडल्यावर, आणि घबराटीत तो वाढलेला असतो. झटका साधारण दहा मिनिटांत शिखर गाठतो आणि उतरतो. तुम्ही काही केलं तरी, न केलं तरी. पण त्या दहा मिनिटांत कुणी कांदा हुंगवला असेल तर श्रेय कांद्याला जातं, सलाईन लावली असेल तर सलाईनला, आणि अंगारा लावला असेल तर भगताला. आपण स्वतःच बरे झालो हे कधीच ध्यानात येत नाही.

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण तर आपल्या घरातलीच. मग तीच गोष्ट डॉक्टरनं सांगितली की ती शहरी चोचल्यांची कशी होते?

आता कार्यकर्त्याच्या बाजूचं बोलतो, कारण ती बाजू हलकी नाही. विदर्भात ‘मानसिकता’ हा शब्द बदनाम आहे आणि तो उगाच बदनाम झालेला नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर घरच्यांना एक लाखाची मदत द्यायची की नाही हे ठरवताना प्रकरणं ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी वाटली गेली. कागदावर दारू, आजारपण, घरगुती भांडण दिसलं की कर्जाचं नाव मागे पडायचं. २००६च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, तरी पुढच्या वर्षांत घरं उजाड व्हायची थांबली नाहीत. अशा मुलखात समुपदेशनाच्या नावानं कुणी गाडीतून उतरला की शेतकऱ्याला वाटणारच, की हमीभाव देण्यापेक्षा हे स्वस्त पडतं म्हणून पाठवलाय. बोंडअळीनं बोंड पोखरलं त्याला ‘सकारात्मक राहा’ सांगणं हा निलाजरेपणा आहे, यात मला कार्यकर्त्याहून तसूभरही वेगळं वाटत नाही. सावकाराच्या तगाद्याची चिंता हा काही विचारातला दोष नव्हे. तो हिशेब आहे, आणि तो बरोबर आहे.

पण म्हणून काय? क्षयाच्या मुळाशी दारिद्र्य आहे, कोंदट घर आहे, अर्धपोटी जेवण आहे, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. म्हणून कुणी म्हणतं का, आधी गरिबी हटवा, मग टीबीच्या गोळ्या वाटू? गाडगेबाबांनी नळयोजनेची वाट पाहिली नाही, झाडू हातात घेतला. म्हणून अस्वच्छतेचा दोष त्यांनी गरिबावर टाकला असं कुणी म्हणत नाही. हाती जे आहे ते आज करायचं आणि जे सरकारकडून घ्यायचं ते भांडून घ्यायचं, या दोन गोष्टी एकमेकींच्या सवती कधी झाल्या?

शिवाय, झटक्याच्या त्या दहा मिनिटांत माणसाच्या डोक्यात नेमकं काय असतं ते विचारून बघा. मी आता चाळीस-पन्नास जणांना तरी विचारलं असेल. ‘कर्ज कसं फेडू’ हे कुणीच सांगितलं नाही. ‘आत्ता जातो’, ‘येडा होतो’, ‘चार लोकांत पडतो’, हेच. कर्ज ताण वाढवतं, झोप उडवतं, चहा-खर्रा वाढवतं, आणि अशा शरीरात ठिणगी लवकर पडते. हे सगळं खरं. पण बँकेत पगार जमा होणारा मास्तर, म्हणजे मी, त्याला का झटके आले? आणि डोक्यावर तिप्पट कर्ज असलेला माझा शेजारी रात्री नऊला घोरायला का लागतो? परिस्थिती एकच कारण असती तर गावातली निम्मी घरं एकाच रात्री दवाखान्यात दिसली असती.

दा कोस्टा नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १८७१मध्ये त्यांच्या यादवी युद्धातल्या सैनिकांविषयी लिहिलं होतं. छातीत दुखतं, धडधडतं, दम लागतो; तपासलं तर हृदयात दोष नाही. त्यानं याला ‘चिडखोर हृदय’ म्हटलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात हीच तक्रार इतकी वाढली की थॉमस लुईस या हृदयतज्ज्ञाला त्यावर काम करायला बसवलं. त्यानं अंथरुणात झोपवून ठेवण्याऐवजी पायरीपायरीनं वाढवत नेलेली कवायत सुरू केली आणि बरेच सैनिक कामावर परत गेले. माझ्या डॉक्टर बाईंचा जिना आठवा. पुढे १९४१मध्ये पॉल वुड या हृदयतज्ज्ञानं दाखवलं की हे हृदयाचं दुखणंच नव्हे, चिंतेचं आहे, आणि छातीवर पुन्हापुन्हा नळी ठेवणारे डॉक्टर त्या संशयाला खतपाणी घालतात. आता सांगा, त्या सैनिकांच्या डोक्यावरच्या गोळ्या काल्पनिक होत्या? युद्ध खोटं होतं? सगळं खरं होतं. तरीही कित्येकांची धडधड युद्ध संपल्यावर गेली नाही. कारण एव्हाना ती युद्धाची राहिली नव्हती, सवयीची झाली होती. कापसाला भाव मिळेल त्या दिवशी आमच्यातही असे कितीतरी निघतील, ज्यांच्या हातात पैसा असेल आणि तरी यवतमाळच्या गाडीत बसायची छाती नसेल.

खरी भीती आणि ही सवय यांतला फरक आम्हा विदर्भातल्या लोकांना परक्यानं समजावायची गरजच नाही. २०१८मध्ये पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात ‘अवनी’ वाघीण होती, तेरा माणसं तिच्या नावावर लिहिली गेली. तेव्हा बायका वेचणीला एकट्या जात नव्हत्या, घोळक्यानं जायच्या, मोठ्यानं बोलत जायच्या, दिवस कलायच्या आत परतायच्या. ही भीती शहाणी. तिनं जीव वाचवले. नोव्हेंबरच्या २ तारखेला रात्री वाघीण मारली गेली. माझी एक भाची त्याच पट्ट्यात दिलेली आहे. त्यानंतर दोन वर्षं तिच्या शिवारात वाघाचा माग दिसला नव्हता, तरी वाऱ्यानं पऱ्हाटी सळसळली की तिला दरदरून घाम फुटायचा. ती धुऱ्यावरूनच माघारी यायची. घरी पोचली की जिवाला बरं वाटायचं. आणि हे ‘बरं वाटणं’ हीच खरी गोम आहे! प्रत्येक माघारीसोबत मनात नोंद होते: पळालो म्हणून वाचलो. खरं तर न पळता उभी राहिली असती तरी वाचलीच असती, पण ते कळायला उभं राहावं लागतं. दोन हंगामांची मजुरी बुडाली. वाघानं बुडवली का? टाळण्यानं बुडवली. माझी सॉर्बिट्रेटची गोळी आणि तिची धुऱ्यावरची माघार ही सख्खी भावंडं.

कार्यकर्त्याला मला हेच विचारायचं आहे. जो माणूस गर्दीत जाऊ शकत नाही, तो तुमच्या मोर्चाला कसा येणार? बँकेच्या रांगेत, तहसीलच्या व्हरांड्यात, कोर्टाच्या तारखेला कसा उभा राहणार? घबराट माणसाला घरात कोंडते, आणि कोंडलेल्या माणसाला सावकार, व्यापारी, पटवारी सगळेच सोयीनं लुटतात. भावाची लढाई लढायची असेल तर ही बेडी आधी सोडवावी लागेल, निदान सोबत तरी.

आता माइकवाल्यांकडे वळू. त्यांच्यावर फार शाई खर्चण्यासारखं नाही. औषध पिताना माकड आठवू नकोस, अशी अट घालणाऱ्या वैद्याची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकली आहे. ‘घाबरू नको’ हे तसंच आहे. आरशासमोर ‘मी निर्भय आहे’ म्हणणाऱ्याचे हात थरथरत असतील, तर तो एकवीस वेळा खोटं बोलतो आणि बाविसाव्यांदा स्वतःला नेभळट ठरवतो. विचारांची सवय मोडणं म्हणजे काळ्या विचारावर गुलाबी रंग फासणं नव्हे. विचाराची उलटतपासणी घेणं. कशावरून? याआधी किती वेळा असं वाटलं? तेव्हा काय झालं? दुसरं काय कारण असू शकतं? गाडगेबाबांची कीर्तनं ज्यांनी ऐकली त्यांच्याकडून मी ऐकलं आहे, की बाबा उपदेश कमी आणि प्रश्न जास्त करायचे. समोरच्या बाया-माणसांनी उत्तर द्यायचं, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा, आणि शेवटी श्रोता स्वतःच्याच तोंडानं स्वतःची समजूत खोडून काढायचा. आज मानसोपचाराच्या खोलीत जे घडतं त्याचा गाभा याहून फार निराळा नाही. ते शिकायला आम्हाला परदेशी जायला नको, बाबांच्या जन्मगावी, शेंडगावपर्यंत गेलं तरी पुरे.

एक बाजू डॉक्टरांचीही आहे: ‘हा मेंदूतल्या रसायनांचा प्रश्न, गोळी घ्या.’ गोळ्यांचा उपयोग होतो, मला झाला, आणि कुणी हे वाचून स्वतःहून बंद करू नयेत. हेही मान्य, की प्रत्येक धडधड मनाची नसते. रक्तक्षय, थायरॉइड, खरंखुरं हृदयाचं दुखणं. आणि आमच्याकडे फवारणी. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. फवारून आलेला माणूस घामानं निथळत असेल, मळमळत असेल, आणि कुणी त्याला ‘श्वास मोजा’ सांगत बसलं, तर तो खून आहे. साप चावल्यावरही तेच: बहुतेक साप बिनविषारी असतात, घाबरूनच कित्येकांची शुद्ध जाते, पण तो निवाडा दवाखान्यातच व्हायला हवा, बांधावर नव्हे. म्हणून आधी तपासणी, मग मनाची गोष्ट. हा क्रम मोडायचा नाही. माझी तक्रार पुढची आहे. तपासणी झाली, सगळं नॉर्मल निघालं, त्यानंतर काय? झोपेच्या गोळीची पट्टी हातात ठेवायची आणि पुढचा पेशंट आत घ्यायचा? तीच पट्टी मग वर्षानुवर्षं औषधाच्या दुकानातून विनाचिठ्ठी चालू राहते, आणि भीतीच्या जोडीला गोळीची सवय लागते.

भगताचं मी वेगळं सांगत नाही. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि असायलाच हवा. पण एक कबूल करतो: भगत वेळ देतो. माणसाजवळ बसतो, हात धरतो, सगळं ऐकून घेतो. दवाखान्यात जे मिळत नाही ते त्याच्याकडे मिळतं. त्याचं पाप हे, की ऐकून झाल्यावर तो शिक्का मारतो, ‘बाहेरचं हाय.’ म्हणजे भीती बरोबरच होती, फक्त शत्रूचं नाव बदललं. आणि त्या नावाखाली कधी शेजारची एखादी विधवा करणी करणारी ठरते. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ला मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्या गर्दीची भीती नाटकी होती असं मला वाटत नाही. लोक खरोखरच घाबरले होते. पण भीती वाटते एवढ्यावरून धोका सिद्ध होत नाही, हे तिथं कुणाला कधी शिकवलंच नव्हतं. एकट्याच्या छातीत हीच चूक झाली तर तो इसीजीच्या खोलीत पोचतो; गावाच्या छातीत झाली तर माणसं मरतात.

आपल्या घरांत ही सवय कशी रुजते तेही जरा बघितलं पाहिजे. इथं चिंता हा मायेचा पुरावा मानतात. पोरगा यायला उशीर झाला आणि आई दारात उभी राहून घळघळा रडली नाही, तर शेजारीण म्हणेल, ‘बाप्पा, हिले काहीच वाटत नाही.’ पीक जोमात असताना ‘यंदा चांगलं आहे’ म्हणायची चोरी, दृष्ट लागते. मग वाईटच बोलायचं, वाईटच घोळवायचं. गोठ्यातली गाय निदान चारा पोटात गेल्यावर रवंथ करते, आम्ही रिकाम्या पोटी करतो. वर्षानुवर्षं असं रवंथ केलेलं मन छातीत धडधडलं की दुसरं काय वाचणार? यात कुणाचा गुन्हा नाही. दुष्काळ आणि नापिकीच्या मुलखात वाईटाची तयारी ठेवणारेच टिकले, म्हणून ती रीत पडली. पण टिकायला कामी आलेली प्रत्येक रीत जगायला कामी येतेच असं नाही.

राहिला प्रश्न, हे शिकवणार कोण? देशात लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ एकसुद्धा पुरता नाही, हिशेब ०.७५ येतो, आणि त्यातले बहुतेक शहरात. पण याच विदर्भात याचं एक उत्तर मिळून गेलेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला होता. तो नैराश्यासाठी होता, घबराटीसाठी नव्हे. पण शिकण्यासारखं हे, की तिथं गावातल्याच माणसांना शिकवून गावातच पहिली मदत उभी केली. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. कुणी आरसा वाटला नव्हता, आणि त्या काळात कापसालाही सोन्याचा भाव आला नव्हता. रात्री-बेरात्री बोलायला माणूस हवा असेल तर २०२२पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फुकट नंबर आहे. आमच्या गावात तो किती जणांना पाठ आहे हे मी विचारून बघितलं, तर आशाताई आणि मी, दोघंच निघालो.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला बाई म्हणतो, शाळेची पायरी चढलेली नाही. रात्री दोन-अडीचला तिचा जीव घाबरायचा, घर जागं व्हायचं. सगळ्या तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी वही करायला सांगितली: काय वाटलं, पुढे काय झालं. वही कुठून लिहिणार? तिनं चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढायला सुरुवात केली, जशा पूर्वी दूधवालीच्या हिशेबाच्या ओढायची. ‘आत्ता मरतो’ असं वाटलं की एक रेघ. सकाळी जिवंत उठली की त्या रेघेवर आडवी काट. दिवाळीला गेलो तेव्हा सारवताना तेवढा तुकडा तिनं मुद्दाम सोडला होता. मी मोजल्या, त्रेचाळीस निघाल्या, सगळ्यांवर काट. मागून येऊन ती म्हणाली, ‘पाह्य ना बापू, त्रेचाळीस खेपा मेली मी, अन् एकीचीबी तेरवी नाई झाली.’